नुकरा घोडी मान झटकते तेव्हा

लग्नसराईत बडोद्याच्या मांडवीपाशी वरघोडा (वरातीची मिरवणूक) आला की माझी नजर आधी घोड्याच्या डोक्याकडे जाते. नवरदेव, बँड, नाचणारी मंडळी हे सगळं नंतर. कान मागे पडलेत का, नाकपुड्या आवळल्यात का, मोत्यांच्या झालरीखाली तो डोळे किलकिले करतोय का, आणि मुख्य म्हणजे मान वरखाली झटकतोय का. आजूबाजूच्या लोकांना ती झटक म्हणजे जनावराचा तोरा वाटतो. मोबाइल वर होतात, पोरं टाळ्या पिटतात. इतकी वर्षं घोडे तपासल्यावर मला तिथे तोरा दिसत नाही. अनेक शक्यता दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक खाजेच्या किंवा दुखण्याच्या असतात.

मी बडोद्याचीच. घर दांडिया बाजारात, शिक्षण आणंदच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. दवाखान्यात येतात ती मुख्यतः कुत्री-मांजरं, पण घोड्यांची ओढ घरातून आली. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत पागा आणि शिलेदार हे शब्द अजून बोलण्यात येतात, कारण कुणाचे ना कुणाचे पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते. प्रतापसिंहराव महाराजांचा ‘सयाजीराव’ नावाचा घोडा १९४७ साली इंग्लंडातली सेंट लेजर शर्यत जिंकला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली, हे आमच्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखं तोंडपाठ असलेली म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. आज शहरात उरलेले घोडे निराळे. काही पोलिसांचे, काही शहराबाहेरच्या रायडिंगच्या वर्गांचे, आणि बाकीचे लग्नाचे. शेवटच्या दोन प्रकारांतली रेघ पुसट आहे. सकाळी मुलांना पाठीवर घेणारा घोडा लग्नाच्या मोसमात संध्याकाळी झूल आणि कलगी लावून उभा असतो.

अशीच एक घोडी माझ्या हाताखाली आली. तिचे मालक मांडवीजवळच्या एका पोळात राहतात. त्यांना मी काका म्हणते. त्यांचे आजोबा पागेत होते, आणि घोडा दारात नसेल तर त्या घराला घरपण येत नाही असं ते मानतात. तबेला पाणीगेटच्या बाहेर. घोडी नुकरा, म्हणजे जन्मापासून पांढरी. तिच्या केसांखालची कातडी गुलाबी, नाकाचा शेंडा गुलाबी, डोळे फिकट. वयाबरोबर पांढरा होत जाणारा करडा घोडा वेगळा. त्याची कातडी काळीच असते आणि ऊन तो निभावून नेतो. लग्नाच्या बाजारात मात्र नुकऱ्याला भाव जास्त, कारण फोटोत तो दुधासारखा दिसतो.

काका फोनवर म्हणाले, “ताई, घोडी मान टाकते. पोरांच्या हातातून लगाम सुटतो. तिला खोड लागलीय. मोतद्दार म्हणतो, काटेरी लगाम घालू, दोन दिवसांत सरळ होईल.” मी म्हणाले, “काका, मी येईपर्यंत तोंडात काहीच घालू नका.” लगामाच्या मुखपट्टीला खिळे किंवा काटे लावलेला हा प्रकार आपल्याकडे सर्रास वापरला जातो. ओढायच्या आणि ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्याचे १९६५ चे नियम त्याला साफ मनाई करतात. खिळे, गाठी, टोकं असलेला लगाम किंवा साज स्वारीसाठीही वापरता येत नाही. तरी तो बाजारात मिळतो, आणि मान झटकणाऱ्या घोड्यावर पहिला उपाय म्हणून तोच सुचवला जातो. दुखतंय म्हणून जो घोडा मान झटकतोय, त्याला आणखी दुखवून शांत करायचं. तो काही काळ शांत होतोही, आणि मग सगळ्यांची खात्री पटते की खोडच होती.

तबेल्यात गेल्यावर मी घोडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारते. मान कधी झटकते? उभी असताना की चालताना? सकाळी, भर दुपारी, की दिवे लागल्यावर? खोगीर चढवल्यावर की मोकळ्या अंगानेही? झटका खालून वर जातो की आडवा, कान फडफडवत? नाक पुढच्या पायावर घासते का? शिंकते का? मोतद्दार या प्रश्नांना आधी कंटाळतात. पण घोड्याजवळ सगळ्यात जास्त वेळ तेच असतात, आणि नीट विचारलं तर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. या मोतद्दाराने आठवून सांगितलं: संध्याकाळी ती भिंतीला मान घासते, शेपटीचं मूळ खांबावर रगडते. झटका मात्र दुपारच्या उन्हात आणि कपाळपट्टी चढवल्यावर जास्त. मला त्यातून एक गोष्ट कळली. इथे एकाहून जास्त कारणं होती, आणि ती एकमेकांत मिसळली होती.

आधी कातडी पाहिली. आयाळीचे केस मुळाशी तुटलेले, कातडी जाड होऊन तिला वळ्या पडलेल्या, मधेमधे ओल्या खपल्या. शेपटीच्या मुळाशी तेच. हे चिलटांचं काम. क्युलिकॉइडिस नावाची ही चिलटं इतकी बारीक की डोळ्यांना धड दिसत नाहीत. ती सांजसकाळ निघतात आणि ओल्या चिखलात, शेणात वाढतात. चावा लहान, पण काही घोड्यांच्या शरीराला त्यांच्या लाळेचंच वावडं असतं. मग एका चाव्यावर अख्खी आयाळ खाजत सुटते. ही प्रवृत्ती बहुतेक रक्तातून येते, म्हणून शेजारी बांधलेला घोडा मजेत असतो आणि ही खांब घासून रक्त काढते. मालकाला वाटतं, ही नाटकी आहे.

बडोद्यात या चिलटांचा आणि लग्नांचा एक दुष्ट मेळ बसतो, आणि तो मला तबेल्यांत फिरूनच समजला. आषाढी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलनाथाचा वरघोडा निघतो, देव झोपतात, लग्नं थांबतात. पुढचे चार महिने घोड्याला काम नाही. तो ओल्या तबेल्यात, साचलेल्या लिदीत, बांधून उभा. नेमके हेच महिने चिलटांचे. कार्तिकात देव उठतात, पौर्णिमेला नरसिंहजीचा वरघोडा तुळशीच्या लग्नाला निघतो, आणि लग्नसराई उघडते. म्हणजे खाजून खाजून सोललेली कातडी घेऊनच घोडा मोसमात उतरतो. तोवर मालकाकडचा पैसा संपलेला, डॉक्टरला बोलवायला हात मागे. उपाय म्हणून जास्त रुंद झूल शिवली जाते. जरीची, आतून सिंथेटिक अस्तराची, मोसमभर न धुतलेली. तिच्याखाली घाम, खपल्या आणि खरखरीत जर.

काकांच्या घोडीचंही तेच होतं. कपाळपट्टीला जरीचा पट्टा आणि टिकल्या शिवलेल्या होत्या. पट्टा कानामागे बरोबर त्या ठिकाणी घासत होता जिथे चिलटांनी आधीच कातडी फोडली होती. मी पट्टा उलटा करून काकांच्या मनगटावर घासला. त्यांनी हात मागे घेतला आणि काही न बोलता तो पट्टा कात्रीने कापून टाकला.

पाठीवरही खपल्या होत्या, पण त्या वेगळ्या. पावसाळ्यात भिजत राहिलेल्या घोड्याच्या पाठीवर डर्माटोफायलस या जिवाणूने होणाऱ्या खपल्या उचलल्या की खाली केसांचा छोटा कुंचला निघतो. खाज फारशी नसते, दुखतं मात्र, आणि त्यावर खोगीर ठेवलं की घोडा तंग कसताना चावायला धावतो. नायटा असेल तर गोल चट्टे पडतात, केस गळतात, आणि तो एकाच खराऱ्याने चार घोडे घासल्यामुळे तबेलाभर पसरतो, माणसालाही लागतो. अंगावर एकदम गांधी उठल्या आणि ताप येत-जात असेल, तर चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सुर्रा रोगाची शंका घेऊन रक्त तपासावं लागतं. त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली हिंदुस्थानातच घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिले. या सगळ्या दुखण्यांना तबेल्यात एकच नाव असतं: खाज. आणि एकच औषध: गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल.

त्या ऑइलबद्दल मी जरा चिडूनच बोलते. त्याने चिलटं काही वेळ लांब राहतात हे खरं, पण फुटलेल्या कातडीतून ते अंगात जातं, जखम भाजते आणि घोडा ते चाटतो. त्याहून भयंकर म्हणजे गाईम्हशींचं गोचिडाचं औषध घोड्याला चोळणं. त्यातलं अमिट्राझ गाईला चालतं. घोड्याच्या आतड्यांची हालचाल मात्र त्याने मंदावते, लीद अडते, पोटशूळ उठतो आणि घोडा जाऊ शकतो. ‘म्हशीला दिलं तेव्हा काही झालं नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. पर्मेथ्रिनचा फवारा घोड्याला योग्य प्रमाणात चालतो, पण तबेल्यात मांजर असेल तर तिला जपा. तिच्यासाठी ते विष आहे.

आम्ही जे केलं ते साधं होतं आणि कंटाळवाणं होतं. दिवे लागायच्या आधी घोडी आत, दारा-खिडकीला बारीक जाळी, आणि छताला मोठा पंखा. चिलटं फार अशक्त उडतात. वारा असला की त्यांना घोड्यावर बसता येत नाही. लीद रोज दोनदा उचलायची, हौदाखालची ओल सुकवायची. आयाळीच्या जखमा सौम्य जंतुनाशकाने धुवायच्या, कोरड्या करायच्या. खाज अगदी अनावर होती म्हणून थोडे दिवस स्टेरॉइड दिलं, तेही हात राखून, कारण घोड्याला त्याने लॅमिनायटिस म्हणजे खुरांच्या आतली सूज येण्याचा धोका असतो. या वावड्यावर कायमचा उपाय नाही. दर पावसाळ्यात हीच मेहनत पुन्हा. काकांना मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं. आशा दाखवून इंजेक्शन टोचणारे पुष्कळ भेटतात, आणि मग दोन महिन्यांनी मालकाचा सगळ्याच डॉक्टरांवरचा विश्वास उडतो.

मग तोंड उघडलं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चावता चावता वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होत जाते. वरच्या कडा गालाला कापतात, खालच्या जिभेला. त्यातून लगाम ओढला की गाल थेट त्या धारेवर दाबला जातो. या घोडीच्या दोन्ही गालांत आतून जखमा होत्या. दाढांवर कानस मारून त्या गुळगुळीत केल्या. जाड, गुळगुळीत, साधा लगाम सुचवला, आणि जखमा भरेपर्यंत तोही नको, नुसती मोहरकी. हे काम वर्षातून एकदा तरी व्हायला हवं, पण घोडा विकत घेताना तोंड उघडलं जातं ते फक्त वय पाहायला.

इथे जरा विषयांतर करते. आपल्याकडे अश्वपरीक्षेची परंपरा फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ आमच्याच बडोद्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, श्रीगोंदेकरांनी संपादून छापला, आणि त्यात घोड्यांविषयीही मजकूर आहे. त्या परंपरेतलं आज बाजारात शिल्लक काय राहिलं? भोवरे. कपाळावरचा भोवरा शुभ, छातीवरचा कसा, मानेवरचा कसा, यावर मेळ्यात तासन्‌तास चर्चा चालते आणि हजारोंनी किंमत वरखाली होते. केस बाजूला सारून खालची कातडी कशी आहे, हे कुणी पाहत नाही. मला या परंपरेचा आदर आहे. घोड्याकडे इतक्या बारकाईने पाहणारी माणसं आपल्याकडे होती. तीच बारीक नजर भोवऱ्यावरून दोन बोटं खाली गेली तरी पुष्कळ घोडे वाचतील.

खाज उतरली, गाल भरले, पट्टा गेला. मानेची झटक निम्म्याहून कमी झाली, पण गेली नाही. भर दुपारी, मोकळ्या मैदानात, काहीही न घालता घोडी चालवली तरी ती एकदम नाकात काहीतरी शिरल्यासारखी मान खालून वर उडवायची, शिंकायची, थांबून नाक गुडघ्यावर घासायची. सावलीत आणली की कमी. डोळ्यांवर गडद जाळीचा मुखवटा चढवला की आणखी कमी. हा वेगळा आजार आहे. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस काही घोड्यांत विनाकारण पेटते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशा घोड्यांची तपासणी केली, तेव्हा निरोगी घोड्यांत ती नस जागी व्हायला जितका विजेचा धक्का लागतो, त्याच्या साधारण निम्म्यानेच ती यांच्यात जागी होत होती. ऊन, वारा, धूळ, अगदी स्वतःचा वेगातला श्वासही त्यांना पुरतो. आपल्याला दातदुखीत थंड पाण्याने जी कळ येते, तसलं काहीतरी चेहऱ्यावर होत असणार. ज्याला असं होतं त्याला कुणी ‘खोडकर’ म्हणून चाबूक दाखवावा, हे मला सहन होत नाही.

याला खात्रीचा इलाज जगात कुठेच नाही. नाकपुड्यांवर बारीक जाळी बांधली की काही घोड्यांना पुष्कळ आराम पडतो, काहींना अजिबात नाही. का, याबद्दल तर्क आहेत. या घोडीला आराम पडला. काकांनी पोळातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवून घेतली, आणि रायडिंगचा वर्ग सूर्य वर यायच्या आत उरकायचं ठरवलं. गुलाबी नाकाला जस्ताचं मलम, कारण तिथली कातडी उन्हाने सोलत होती. अशा वेळी मी यकृतासाठी रक्तही तपासून घेते. यकृत बिघडलं की पांढऱ्या कातडीला ऊन जास्तच लागतं. हिचं यकृत ठीक निघालं.

राहिली लग्नं. मांडवीच्या चौकात रात्री वरघोडा येतो तेव्हा डोक्यावर एलईडीच्या छत्र्या, शेजारी जनरेटर, समोर डीजे, फटाके. ज्या घोडीला उजेड आणि धूळ चेहऱ्यावर कळ आणते, तिला मी तिथे उभी करू देणार नाही असं सांगितलं. काकांची वर्षाची अर्धी कमाई त्यात होती. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आजोबा पागेत होते, वरातीत नव्हते.” घोडी आता फक्त सकाळी मुलांना घेते. काकांनी रायडिंगचा आणखी एक वर्ग सुरू केला आणि लग्नासाठी शेजारच्या मालकाचा काळसर, बेडर घोडा सुचवू लागले. पैसा कमी झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कातडीवर दोरीसारख्या ओळीत गाठी आल्या, त्या फुटून चिकट पू वाहू लागला, नाकातून घट्ट पिवळा स्राव आला, तर ती नेहमीची खाज समजू नका. ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो आणि जीव घेतो. या रोगासाठी आपल्याकडे १८९९ पासून स्वतंत्र कायदा होता. वर्षानुवर्षं जवळजवळ विसरलेला हा रोग २००६ मध्ये पुणे-पाचगणीकडे पुन्हा दिसला आणि त्याची देशभर चर्चा झाली. त्याच्या तपासणीची मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. असा घोडा दिसला तर हात लावू नका, हलवू नका, सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. लपवलेला एक घोडा मोतद्दाराच्या घरापर्यंत रोग नेतो.

घोडे पाळणाऱ्या माझ्या शहरातल्या लोकांना माझी विनंती आहे की पशुवैद्याला देवदिवाळीला बोलवू नका, श्रावणात बोलवा. तेव्हा खर्च कमी येतो आणि मोसमापर्यंत कातडी भरून येते. आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी घोडा ठरवायला दिवसाउजेडी तबेल्यात जावं. मालकाला झूल उचलायला सांगावी, आयाळीचं मूळ आणि ओठांचे कोपरे पाहावेत, लगाम हातात घेऊन काटे आहेत का ते बोटाने चाचपावं. काटे असतील, जखम असेल किंवा घोडा मान झटकत असेल, तर त्याला घेऊ नका, आणि का घेत नाही ते मालकाला तोंडावर सांगा.